पक्ष्याच्या डोक्यावरचा मुकुट : पोलंडचा पांढरा गरुड आणि आपलं कोल्हापूर

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना नावं निसटली असतील तर इथे निवांत वाचा.)

इयरफोन लावलेत ना? मग आज एका पक्ष्याची गोष्ट ऐकू या. हा पक्षी जंगलात राहत नाही, ढालीवर राहतो.

गोष्ट सुरू होते कोल्हापुरात. २०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप. अर्जेंटिना विरुद्ध पोलंड. आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला मॅच. कोल्हापूर आणि फुटबॉल हे प्रकरण तुम्हाला माहीतच असेल, वर्ल्ड कप आला की पेठापेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, मेस्सीचे कटआउट उभे राहतात. मी तेव्हा एका मित्राकडे राहायला गेलो होतो. गल्लीत पडदा लावलेला, थंडी, चहाची किटली फिरतेय. मेस्सीने पेनल्टी मारली आणि पोलंडच्या गोलकीपरने, श्चेन्स्नीने, ती अडवली. सगळी गल्ली डोक्याला हात लावून बसली.

आणि मागून एक आबा म्हणाले, "अरं, ही माणसं आपल्या वळीवड्यात ऱ्हायला हुती. माझा बा त्यांच्यात दूध घालायचा."

पोरं हसली. मला वाटलं, आबांची झोपेची वेळ झालीय. पण तेवढ्यात कॅमेरा लेव्हांडोव्स्कीच्या छातीवर गेला. जर्सीवर एक पांढरा पक्षी. पंख पसरलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि डोक्यावर सोन्याचा मुकुट.

मॅच अर्जेंटिनाने २-० ने जिंकली. गल्ली झोपायला गेली आणि मी मोबाईल घेऊन बसलो. दोन प्रश्न होते. पोलंडची माणसं वळीवड्यात काय करत होती? आणि पक्ष्याच्या डोक्यावर मुकुट कशाला? नंतर कळलं, ही दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

ढालीवर पक्षी आला कुठून?

आधी थोडी पार्श्वभूमी. युरोपात बाराव्या शतकात लढाईला जाणारे सरदार चिलखत घालायचे, डोक्यावर शिरस्त्राण. हळूहळू ते शिरस्त्राण एवढं झाकलेलं झालं की आतला माणूस कोण, आपला की शत्रूचा, हेच कळेना. मग ओळख आली ढालीवर आणि झेंड्यावर. लांबून, धुळीत, घोड्यावरून दिसली पाहिजे अशी ओळख. आजच्या भाषेत प्रोफाईल पिक्चर म्हणा हवं तर. फरक इतकाच की तो चुकला तर आपलाच माणूस आपल्याला भाला मारायचा.

त्यामुळे नियमही साधे होते. रंग मोजके : लाल, निळा, काळा, हिरवा, क्वचित जांभळा. आणि दोन धातू : सोनं आणि चांदी, म्हणजे चित्रात पिवळा आणि पांढरा. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. का? कारण पांढऱ्यावर पिवळं लांबून दिसत नाही. लालवर पांढरं मात्र झटकन दिसतं. पोलंडचा गरुड लाल ढालीवर पांढरा आहे, त्यात हा नियम अगदी चोख पाळलाय.

ढालीवर प्राणी म्हणून सिंह सगळ्यात लाडका आणि पक्ष्यांत गरुड. आपल्याकडे गरुड म्हणजे विष्णूचं वाहन. त्यांच्याकडे गरुड आला रोमकडून. रोमन सैन्यात प्रत्येक लीजनपुढे काठीवर बसवलेला धातूचा गरुड असायचा आणि तो शत्रूच्या हाती लागणं म्हणजे अख्ख्या लीजनची नामुष्की. रोम गेलं, पण गरुड म्हणजे साम्राज्य हे समीकरण राहिलं. ज्याला ज्याला आपण रोमचे वारस आहोत असं वाटलं, त्याने त्याने गरुड उचलला.

आणि तो नेहमी तसाच का दिसतो, छाती आपल्याकडे, पंख दोन्हीकडे फाकलेले, पाय पसरलेले? कारण ढाल भरायची आहे! बाजूने उडणारा गरुड काढला तर अर्धी ढाल रिकामी राहते. निम्मं प्रतीकशास्त्र हे असं जागेच्या सोयीतून आलेलं असतं.

घरटं आणि राज्याभिषेक

पोलंडच्या गरुडाची एक दंतकथा आहे. लेख नावाचा मूळ पुरुष आपल्या माणसांना घेऊन जागा शोधत हिंडत होता. एका ठिकाणी त्याला झाडावर पांढऱ्या गरुडाचं घरटं दिसलं. मागे सूर्य मावळत होता, आभाळ लाल झालेलं. तो म्हणाला, इथेच राहायचं. त्या गावाचं नाव ग्निएज्नो. पोलिश भाषेत घरट्याला ग्न्याझ्दो म्हणतात. ही दंतकथा आहे, इतिहास नाही. पण लाल आभाळावर पांढरा पक्षी हे चित्र प्रत्येक पोलिश मुलाला शाळेत भेटतं.

इतिहास सुरू होतो मुद्रेपासून. अकराव्या शतकात पोलंडला राजे होते. १०७९ मध्ये राजा बोलेस्वाव दुसरा याला देश सोडून पळावं लागलं आणि त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं पोलंडमध्ये टिकून राहिलेला अभिषिक्त राजाच नव्हता. राज्याचे तुकडे, प्रत्येक तुकड्याचा ड्यूक वेगळा. यातल्या बऱ्याच ड्यूकांच्या ढालीवर गरुड होते. पण ते घराण्यातल्या भावकीचे गरुड, देशाचा नव्हे.

मग १२९५ मध्ये ग्निएज्नोला प्शेमिस्व दुसरा याने राज्याभिषेक करून घेतला. त्याने नवी मुद्रा पाडली. एका बाजूला सिंहासनावर बसलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला गरुड. गरुडाच्या डोक्यावर मुकुट. भोवती लॅटिन मजकूर, त्याचा अर्थ साधारण असा की, विजयाची चिन्हं देवानेच पोलंडच्या लोकांना परत दिली.

हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. १६७४ मध्ये रायगडावर जे झालं, त्याचं महत्त्व आपण शाळेत शिकलोय. किल्ले आधीही होते, सैन्य आधीही होतं, पण राज्याभिषेकाने सांगितलं की आता हा कुणाचा जहागीरदार नाही, कुणाचा मांडलिक नाही. आपल्याकडे छत्र, त्यांच्याकडे मुकुट. प्शेमिस्वने नुसता स्वतःला मुकुट घातला नाही, पक्ष्यालाही घातला.

पुढच्याच वर्षी, १२९६ च्या फेब्रुवारीत, त्याचं अपहरण झालं आणि त्यात तो मारला गेला. राज्य केलं जेमतेम सात-आठ महिने. राजा गेला, पण मुकुटवाला गरुड राहिला. १३२० मध्ये क्राकूवला पुढचा मोठा राज्याभिषेक झाला तेव्हा तोच गरुड पुन्हा वर आला आणि मग कायमचा बसला.

आता इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यावर फिरणार आहे. मुकुट म्हणजे नुसता राजा नव्हे. मुकुट म्हणजे "आमच्यावर कुणी नाही".

मुकुट गळ्यात अडकला तर?

याचा पुरावा हवाय? १५२५. क्राकूवचा मोठा चौक. पोलंडचा राजा झिग्मुंट पहिला बसलाय आणि त्याच्यापुढे प्रशियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतोय. राजाने त्याला झेंडा दिला. झेंड्यावर काळा गरुड. त्याच्या छातीवर राजाच्या नावातलं लॅटिन एस हे अक्षर, आणि मुकुट... डोक्यावर नाही. गळ्यात.

बघा गंमत. तोच मुकुट डोक्यावर असला की तुम्ही मालक, गळ्यात असला की पट्टा. एक अक्षर न लिहिता अख्खा तह सांगून टाकला.

पण गळ्यात पट्टा असलेला पक्षी कायम तसाच राहतो असं नाही. १६५७ मध्ये प्रशियाने पोलंडचं मांडलिकत्व झटकून टाकलं. १७०१ मध्ये तिथला शासक राजा झाला आणि काळ्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट आला. छातीवर आता स्वतःच्या राजाची अक्षरं. पोलंडच्या राजाने दिलेल्या झेंड्यावरचा तो पक्षी आता पोलंडकडेच बघायला लागला होता.

तीन काळे, एक पांढरा

अठराव्या शतकात पोलंडच्या शेजाऱ्यांची यादी करा. पश्चिमेला प्रशिया, काळा गरुड. दक्षिणेला ऑस्ट्रियाचे हाब्सबुर्ग, काळा गरुड, दोन तोंडांचा. पूर्वेला रशिया, तोही काळा, तोही दोन तोंडांचा. रशियाने हा पक्षी पंधराव्या शतकाच्या शेवटी घेतला. १४९७ च्या इव्हान तिसऱ्याच्या मुद्रेवर तो दिसतो. त्याची बायको बायझंटाईन सम्राटाची पुतणी होती. कॉन्स्टँटिनोपल पडलं, आता खऱ्या रोमचे वारस आम्ही, असा तो दावा.

(दोन तोंडांचा पक्षी म्हटल्यावर तुम्हाला गंडभेरुंड आठवला असेल, कर्नाटक सरकारच्या राजचिन्हातला. तो आपल्या मातीतला, त्याची गोष्ट वेगळी. त्यावर स्वतंत्र भाग करू.)

१७३२ मध्ये या तिघांनी पोलंडच्या गादीवर कुणाला बसू द्यायचं नाही यावर गुप्त बोलणी केली. इतिहासात त्याला तीन काळ्या गरुडांचा करार म्हणतात. मधे एकटा पांढरा. पुढे काय होणार हे चित्रातच दिसतंय.

१७७२ मध्ये पहिला लचका. १७९३ मध्ये दुसरा. १७९५ मध्ये तिसरा, आणि पोलंड नकाशावरून गेला. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे : इकडे मराठ्यांनी खर्ड्याची लढाई जिंकली ते हेच वर्ष. आपली सत्ता जाईपर्यंत आणखी तेवीस वर्षं होती. पोलंडची गेली ती १२३ वर्षं परत आली नाही.

मग पांढऱ्या गरुडाचं काय झालं? मारला नाही. त्याहून वाईट केलं. १८१५ मध्ये व्हिएन्नात युरोपची वाटणी झाली तेव्हा रशियाच्या झारच्या हाताखाली नावापुरतं "पोलंडचं राज्य" ठेवलं. त्याचं चिन्ह काय होतं? मोठा काळा दोन तोंडांचा रशियन गरुड, आणि त्याच्या छातीवर छोट्या ढालीत पांढरा गरुड. मुकुटासकट. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गिळलेला पक्षी पोटातून दिसतोय. मुकुट होता, अर्थ नव्हता.

१८३०-३१ च्या उठावात पोलिश संसदेने पांढरा आणि लाल हे राष्ट्रीय रंग ठरवले. कुठून आले? ढालीवरूनच. वर पांढरा म्हणजे गरुड, खाली लाल म्हणजे ढाल. आज आपण जो पोलंडचा झेंडा बघतो, तो म्हणजे पक्ष्याची रेषा पुसून उरलेला रंग. चित्र काढता येत नसलं तरी दोन फडकी शिवता येतात, नाही का?

मुकुट काढला तो कम्युनिस्टांनी नाही (पहिल्यांदा तरी)

आता इथे एक वळण आहे आणि ते बरेच लोक सोडून देतात.

पहिल्या महायुद्धात युझेफ पिल्सुद्स्कीने पोलिश लीजन उभ्या केल्या. स्वातंत्र्यासाठी लढणारी पोरं. त्यांच्या टोपीवर गरुड होता आणि सुरुवातीला त्यावर मुकुट नव्हता. का? कारण यातले बरेच जण समाजवादी विचारांचे, प्रजासत्ताक मानणारे. त्यांचं म्हणणं, मुकुट म्हणजे राजा. आम्हाला देश हवाय, राजा नकोय.

आता सांगा, हे चूक आहे का? मला तर पटतं. म्हणजे मुकुट नसणं ही आपोआप गुलामीची खूण नव्हती. ती बंडाचीही खूण होती. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, ते कोण, केव्हा आणि कुणासमोर लावतंय यात असतो.

१९१८ मध्ये पोलंड परत आला. राजा नव्हता, प्रजासत्ताक होतं. तरी १९१९ मध्ये अधिकृत चिन्ह ठरलं तेव्हा गरुडाला मुकुट घातला. कारण इतक्या वर्षांनी मुकुटाचा जुना अर्थच जास्त खरा वाटला : आमच्यावर कुणी नाही. १९२७ मध्ये चित्रकार झिग्मुंट कामिन्स्कीने गरुड नव्याने रेखाटला. त्यातही भांडणं झालीच. मुकुटावरचा क्रॉस का गेला? पंखांवर तारे कशाला? हे तारे रशियाचे की फ्रीमेसनांचे? लोक भिंग घेऊन पक्षी तपासत होते. व्हॉट्सॲप नव्हतं, पण वृत्ती तीच.

आजचा गरुडही मुळात कामिन्स्कीचाच.

बटण

१ सप्टेंबर १९३९, जर्मनी पश्चिमेकडून शिरला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशिया पूर्वेकडून. पुन्हा वाटणी.

सोव्हिएत बाजूने हजारो पोलिश अधिकारी पकडले. १९४० च्या वसंतात त्यांना आणि इतर कैद्यांना, मिळून सुमारे २२,००० जणांना, गोळ्या घालून मारलं. कातिनचं जंगल हे त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं ठिकाण. त्याच सुमारास, एप्रिल १९४० मध्ये, पकडलेल्यांच्या कुटुंबांना मालगाड्यांत भरून कझाकस्तानकडे पाठवलं. त्याआधी आणि त्यानंतरही हद्दपारीच्या लाटा होत्या, सायबेरियापर्यंत.

१९४३ मध्ये जर्मनांना कातिनच्या कबरी सापडल्या आणि त्यांनी जगाला सांगितलं. सोव्हिएतांनी आरोप जर्मनांवर टाकला. पोलंडच्या लंडनमधल्या निर्वासित सरकारने रेड क्रॉसकडून चौकशी मागितली, तर मॉस्कोने त्या सरकारशी संबंधच तोडले. पण कबरीत गणवेश होते, आणि गणवेशावर बटणं होती. प्रत्येक बटणावर गरुड, डोक्यावर मुकुट. माणसं ओळखू येत नव्हती. ती कोणत्या देशाची आहेत ते बटण सांगत होतं.

आठवतंय, सुरुवातीला काय म्हणालो? चेहरा दिसत नाही म्हणून ढालीवर पक्षी आला. आठशे वर्षांनी तोच पक्षी नखाएवढ्या बटणावर तेच काम करत होता.

१९४३ : एक गरुड रशियात, एक वळीवड्यात

आता आबांकडे येऊ.

१९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला. मग स्टालिनला पोलिशांची गरज पडली, हद्दपार लोकांना सोडलं, जनरल आंदेर्सचं सैन्य उभं राहिलं. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्यासोबत बायका-मुलं इराणात उतरली. उपाशी, आजारी. एवढ्यांना ठेवायचं कुठे? काही आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोला, न्यूझीलंडला. आणि काही हिंदुस्थानात.

जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांची सोय केली, ती गोष्ट तुम्ही रील्सवर पाहिली असेल. पण हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी पोलिश वसाहत गुजरातेत नव्हती. ती कोल्हापूर संस्थानात, वळीवड्याला होती. १९४३ ते १९४८. साधारण पाच हजार माणसं. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं. आबांचा बा दूध घालायचा ते इथे.

यात बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष सैन्यात, किंवा कातिनसारख्या ठिकाणी. त्यांचा देश नकाशावर नव्हता. त्यांच्या सरकारचा पत्ता लंडनचा. पण त्या सरकारच्या कागदावर मुकुटवाला गरुड होता आणि जग ते सरकार मानत होतं. म्हणजे पंचगंगेच्या काठी राहणारी ही माणसं कागदावर तरी कुणाची तरी होती.

त्याच वर्षी, १९४३ मध्ये, तिकडे रशियात पोलिश कम्युनिस्टांनी दुसरं सैन्य उभं केलं, कोश्चुश्को डिव्हिजन. टोपीवर गरुड, पण मुकुटाशिवाय. जुन्या, राजे पियास्त यांच्या काळातल्या गरुडासारखा काढायचा प्रयत्न होता. जमला नाही. सैनिकांनीच त्याचं नाव ठेवलं "कुरित्सा". रशियन भाषेत कुरित्सा म्हणजे कोंबडी.

हसू येतं, पण विचार करा. एकाच वर्षी एकाच देशाचे दोन पक्षी. एकाच्या डोक्यावर मुकुट, त्याची माणसं कोल्हापुरात भाकरी-दूध विकत घेतायत. दुसऱ्याच्या डोक्यावर नाही, पण त्याच्यामागे लाल सैन्य आहे. घरी कोण पोचणार?

जुलै १९४५ मध्ये उत्तर आलं. ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सामधल्या नव्या सरकारला दिली. युद्ध जिंकलेल्या बाजूची ही माणसं सकाळी उठली तेव्हा त्यांचा मुकुटवाला गरुड अधिकृतरीत्या कुणाचाच नव्हता.

वळीवड्यात प्रश्न साधा आणि भयंकर होता : परत जायचं का? काही गेले, घरचं कुणी जिवंत असेल म्हणून. पण अनेकांचं गाव आता पोलंडमध्येच राहिलं नव्हतं, सीमा पश्चिमेला सरकल्याने ते सोव्हिएत हद्दीत गेलं होतं. आणि ज्यांनी माणसं मालगाडीत भरली त्यांच्याच छायेखालच्या देशात परत जाण्याची अनेकांची हिंमत नव्हती. बरेच जण इंग्लंडला, काही ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला गेले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

आणि रिकाम्या बराकींत कोण आलं? फाळणीत घर गेलेली सिंधी माणसं. आज त्या जागेला आपण गांधीनगर म्हणतो. हो, तेच गांधीनगर, जिथे लग्नाचा बस्ता बांधायला सांगली-साताऱ्याहून लोक येतात. एका फाळणीच्या माणसांनी सोडलेली घरं दुसऱ्या फाळणीच्या माणसांनी घेतली. हे मला कळलं तेव्हा मी गांधीनगरमधून घेतलेला शर्ट घालून बसलो होतो.

पंचेचाळीस वर्षं

पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने एक हुशारी केली. पूर्व जर्मनीने आपल्या चिन्हात हातोडा आणला, हंगेरीने हातोडा आणि गव्हाची ओंबी. पोलंडमध्ये गरुडाला हात लावायची छाती झाली नाही. कामिन्स्कीचाच पक्षी ठेवला, फक्त मुकुट उचलला. १९५५ मध्ये तसा हुकूमनामाही काढला. सांगायला कारण होतंच : राजेशाही गेली, मग मुकुट कशाला?

हेच कारण पिल्सुद्स्कीच्या पोरांनी दिलं होतं. शब्द तेच. पण आता मुकुट काढणारा स्वतःच्या मर्जीने काढत नव्हता आणि हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून अर्थ उलटा झाला. डोक्यावरची रिकामी जागा आता "आमच्यावर कुणीतरी आहे" असं म्हणायला लागली.

मग लोकांनी काय केलं? मुकुट परत काढला. अक्षरशः, पेनाने. १९८० च्या दशकात सॉलिडॅरिटी चळवळीवर बंदी आली तेव्हा चोरून छापलेल्या पत्रकांवर, भूमिगत टपाल तिकिटांवर मुकुटवाला गरुड पुन्हा पुन्हा दिसतो. चार-पाच रेघांचं चित्र. पण ते काढलं की बाजू कळायची.

जून १९८९ मध्ये निवडणूक झाली, सॉलिडॅरिटी जिंकली. वर्ष संपताना देशाचं नाव बदललं. फेब्रुवारी १९९० मध्ये कायदा करून मुकुट परत घातला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉस्कोने पहिल्यांदा कबूल केलं की कातिन आमचंच काम होतं. आणि २२ डिसेंबर १९९० ला लंडनमधल्या निर्वासित सरकारचे शेवटचे अध्यक्ष रिशार्द काचोरोव्स्की वॉर्साला आले आणि युद्धापूर्वीची राष्ट्राध्यक्षांची चिन्हं त्यांनी नवनिर्वाचित लेक वॉलेसांच्या हाती दिली. १९४५ पासून जग ज्या सरकारला मानत नव्हतं, ते इतकी वर्षं लंडनमध्ये तो मुकुट सांभाळत बसलं होतं.

आणि ती जर्सी

आता शेवटचं. ११ नोव्हेंबर २०११, पोलंडचा स्वातंत्र्यदिन. व्रोत्सवाफला इटलीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. पोलंडचा संघ नवीन जर्सी घालून उतरला. छातीवर गरुड नव्हता, त्याजागी फुटबॉल संघटनेचा लोगो होता. एक डिझाईनचा निर्णय, एवढंच. पण लोक असे भडकले की काही आठवड्यांत संघटनेला माघार घ्यावी लागली आणि २०१२ च्या युरो कपला गरुड परत जर्सीवर होता.

बाहेरच्याला वाटेल, काय हा बाऊ, एक पक्षी तर आहे. मलाही कदाचित तसंच वाटलं असतं. पण ज्यांच्या पणजोबाचं बटण कातिनच्या मातीत सापडलं, ज्यांच्या आजीने शाळेच्या वहीत चोरून मुकुट काढला, त्यांच्यासाठी तो लोगो नाही.

मी हेही सांगेन की मला चिन्हांची थोडी भीतीच वाटते. आज आपण सगळेच गाडीच्या काचेवर, डीपीवर, मनगटावर काही ना काही लावतो आणि दुसऱ्याने ते लावलं नाही तर त्याच्याकडे संशयाने बघतो. पोलंडची गोष्ट वाचून मला एक कसोटी मिळाली. चिन्ह बघितलं की विचारायचं, हे लावायला कुणी सांगितलं? आणि काढायला कुणी सांगितलं? पिल्सुद्स्कीच्या पोरांनी मुकुट स्वतः काढला, तेव्हा ते मोकळे होते. पुढे तोच मुकुट दुसऱ्याने काढला, तेव्हा ते बांधलेले होते. पक्षी तोच होता.

मॅचनंतर दोन दिवसांनी मी वळीवड्याला जाऊन आलो. आबांना सोबत घेतलं होतं. गांधीनगरच्या गर्दीत रिक्षा अडकली, कपड्यांचे गठ्ठे, टेम्पो, हॉर्न. आबा बोट दाखवत होते, "हितनं तिकडं समद्या बराकीच हुत्या." मी फोन काढून त्यांना जर्सीवरचा गरुड दाखवला. म्हटलं, आबा, हा त्यांचा पक्षी.

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. म्हणाले, "डोक्यावर काय हाय? तुरा?"

म्हटलं, "मुकुट आहे आबा."

"मग बरं झालं," म्हणाले. "गेली तवा त्यांच्याकडं कायबी नव्हतं."

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावात, आजोळी, कुणा आजी-आजोबांकडे वळीवड्याची किंवा पाचगणीला राहिलेल्या पोलिश माणसांची आठवण असेल तर फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे पाठवली नाही तरी चालेल, पण रेकॉर्ड करा. ती माणसं आता थोडीच उरली आहेत.

भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!